मी त्यांना थांबा म्हणाले

मागच्या वर्षी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तोंडावर हिरवं फडकं, एकच डोळा उघडा, आणि डॉक्टर विचारतात, "मॅडम, तुम्ही व्हॅल्युअर ना? दादरला आत्ता घ्यावं की थांबावं? भाव पडतील का हो?" त्यांच्या हातात काहीतरी टोकदार होतं. मी म्हटलं, "डॉक्टर, आधी माझं उरका. मग तुमचं बघू."

बत्तीस वर्षं मला हा प्रश्न लोक विचारत आले. लग्नात विचारला, बारशाला विचारला, एकदा तर मयताला गेले होते तिथे तिरडी बांधणाऱ्या माणसाने विचारला. मंदी आली तरी हाच प्रश्न, तेजी आली तरी हाच. कुणाला घ्यायचं असतं, कुणाला विकायचं असतं, आणि दोघांनाही माझ्या तोंडून आपल्या सोयीचं उत्तर हवं असतं.

माझं काम काय होतं ते आधी सांगते. बँक घरासाठी कर्ज देते, तेव्हा ते घर खरंच तेवढ्या किमतीचं आहे का हे बघायला बाहेरचा माणूस पाठवते. तो माणूस म्हणजे व्हॅल्युअर. मी सिव्हिल इंजिनिअर, दादरला एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर माझं छोटं ऑफिस होतं. घरात जायचं, खोल्या मोजायच्या, भिंतीला ओल आहे का, तुळईला तडा आहे का ते बघायचं, कागद तपासायचे. मग त्याच गल्लीत हल्ली कुठली घरं कितीला गेली ते शोधायचं आणि एक आकडा लिहून खाली सही करायची. फॉर्मच्या शेवटी एक रकाना असायचा, 'भविष्यातील कल'. वाढता, स्थिर किंवा उतरता, यातलं एक लिहायचं. गिरगाव ते माहीम या पट्ट्यात मी 'उतरता' असं फार तर चार-पाच वेळा लिहिलं असेल. इथे जमीन वाढत नाही, माणसं वाढतात. त्यात फार डोकं चालवायची गरज नव्हती.

फॉर्ममध्ये सगळं मावत नाही हे मला पहिल्यांदा गिरगावातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी शिकवलं. मोजमाप झाल्यावर त्यांनी मला गॅलरीत खुर्ची दिली आणि म्हणाले, "पाच मिनिटं बसा. चार वाजता येतो." मला वाटलं कुणी पाहुणा येणार आहे. चार वाजता समुद्रावरून वारा आला. "हा लिहा," म्हणाले. मी 'वायुवीजन चांगले' असं लिहिलं. त्यावर बँकेने एक रुपयाही वाढवून दिला नाही. ऑफिसात मी ही गोष्ट हसत सांगायची. फार पुढे तिचं हसू येईनासं झालं, ते ज्यांच्यामुळे, त्या घाडी नवराबायकोविषयी मला लिहायचं आहे.

मी भोईवाड्यातल्या चाळीत वाढले. वडील गिरणीत रिंगखात्यात, सूतकताईला होते. साळखात्यात, म्हणजे जिथे कापड विणतात तिथे, आमच्या समाजाच्या माणसांना घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि आमच्या तोंडाचा विटाळ होई. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून मी डिप्लोमाचा अभ्यास केला आणि ज्यांच्या घरात वडिलांना पाणी मिळालं नसतं, त्यांच्या घरांच्या किमती ठरवायला लागले. त्याचा मला अभिमान होता. अजून आहे.

लालबागच्या एका चाळीने मला बोलावलं. चाळ पाडून टॉवर बांधायचा, जुन्या भाडेकरूंना त्यात फुकट घर द्यायचं, असा बिल्डरचा प्रस्ताव होता. बिल्डर जी मोजमापं दाखवतो ती खरी आहेत का, हे चाळीला तपासून हवं होतं. चाळ कमिटीचे सेक्रेटरी होते रमाकांत घाडी. मालवणकडचे. उमेदीची पहिली दोन वर्षं गिरणीत बदली कामगार, मग संप, मग लोअर परळच्या छापखान्यात मशिनवर. सडपातळ, इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं. बहात्तर खोल्या मोजायला दोन दिवस लागले आणि दोन्ही दिवस फितीचं दुसरं टोक त्यांनी धरलं. कुणाच्या पोटमाळ्यावर काय आहे, कुणाच्या मोरीची भिंत कधी सरकवली, सगळं त्यांना पाठ. दुपारी त्यांच्या खोलीत जेवायला बसवलं. शालिनीवहिनींनी तिसऱ्यांदा भात वाढला तेव्हा मी पानावर हात धरला. त्या म्हणाल्या, "ताई, मोजायचं काम बाहेर. इथे नाही मोजायचं."

घाडी जेवताना म्हणाले, "माझे वडील साळखात्यात होते मॅडम. तुमचे?"

"रिंगखात्यात."

त्यांना कळलं. मग म्हणाले, "आता तुम्ही सही केल्याशिवाय आमचं एक पान हलत नाही. हे बरं झालं." मनापासून म्हणाले. त्या दिवसापासून हे माणूस मला आपलं वाटलं.

चाळ रिकामी झाली. बिल्डरने प्रत्येकाला दरमहा भाडं द्यायचं आणि लोकांनी तीन वर्षं दुसरीकडे राहायचं, असं ठरलं होतं. घाडी काळाचौकीत भाड्याने राहिले. अकरा महिन्यांचा करार संपला की नवी खोली, आधीपेक्षा लांब. टॉवर चौदाव्या मजल्यापर्यंत चढला आणि थांबला. बिल्डरचे पैसे दुसरीकडे अडकले होते, बाजार थंड होता, नवीन फ्लॅट कुणी घेत नव्हतं. मग लोकांचं भाडंही बंद झालं. घाडी पार दिवा स्टेशनाकडे राहायला गेले, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नव्हती.

त्या सुमाराला एका दुपारी दोघं माझ्या ऑफिसात आले. वहिनींच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली फाईल.

"मॅडम, एक एजंट आलाय," घाडी म्हणाले. "खोलीचा हक्क माझ्या नावावर करून द्या, म्हणतो. पैसे लगेच. टॉवर कधी होईल ते होवो, ती जोखीम त्याची."

"त्या पैशात बदलापूरला वन रूम किचन येतं," वहिनी म्हणाल्या. "मी बघून आले. तळमजला. पुढे थोडी जागा आहे, तुळस लावता येईल. माझं म्हणणं, घेऊन टाकूया."

"अगो, बदलापूराक जाऊन काय करतलंस थंय?" घाडी बायकोवर उखडले. मग माझ्याकडे वळले. "तुम्ही सांगा मॅडम. तुमचा शब्द शेवटचा."

तो शब्द मला आवडला, हे कबूल करते. मी नकाशा पसरला. आसपासच्या पाच इमारतींचे व्यवहार दाखवले. एजंट देत होता ती रक्कम तयार घराच्या किमतीच्या निम्मीही नव्हती. मी म्हणाले, "हा तुमच्या घाईचा फायदा घेतोय. लालबागची जागा अशी पडून राहत नाही. हा बिल्डर नाही तर दुसरा उचलेल. बाजार फिरला की पहिल्यांदा हाच पट्टा फिरतो. थांबा. दोन वर्षं, फार तर तीन."

"नक्की ताई?" वहिनींनी विचारलं.

"बाजार तरी तेच सांगतोय, वहिनी."

घाडींचा चेहरा उजळला. "बघ," ते बायकोला म्हणाले. वहिनींनी फाईल परत पिशवीत घातली, पिशवीला गाठ मारली. जाताना जिन्यापर्यंत मी त्यांना सोडायला गेले. घाडी कठडा धरून सावकाश उतरत होते. वहिनी एक पायरी पुढे, अर्ध्या वळून, त्यांच्याकडे बघत. मी ते पाहिलं आणि आत येऊन पुढची फाईल उघडली.

घाडी दर दसऱ्याला फोन करायचे. आधी शुभेच्छा, मग, "काय म्हणतो बाजार?"

"वर आहे."

"मग बरा झाला." आपण बरोबर ठरलो याचा आनंद त्या आवाजात असायचा, आणि खरं सांगायचं तर माझ्याही.

दोन वर्षं गेली, तीन गेली. मग टाळेबंदी लागली, मजूर गावी निघून गेले. त्यानंतर मात्र मी म्हटलं होतं तसंच झालं. दुसऱ्या बिल्डरने काम घेतलं, क्रेन हलायला लागली. घाडी महिन्यातून दोनदा दिव्याहून लालबागला यायचे, रस्त्यापलीकडे उभे राहून स्लॅब मोजायचे आणि मला फोन करायचे. "एकविसावा पडला, मॅडम!" मुलगा पास झाल्यासारखा आवाज. मागे रस्त्याचा गोंगाट आणि मधेमधे त्यांची धाप. ती धाप मला ऐकू यायची. "तब्येत कशी आहे?" मी विचारायची. "आता टॉवर झालो की तब्येत आपोआप बरी होतली," म्हणायचे.

त्या वर्षी दसऱ्याला फोन आला नाही. माझ्या लक्षातही आलं नाही. दसऱ्याला लोक घरं बुक करतात, आमची कामाची धामधूम असते. चाळीतला एक जण जानेवारीत दादरच्या भाजी मार्केटात भेटला, त्याच्याकडून कळलं. घाडी श्रावणात गेले. लालबागहून परत आले होते. दिव्याच्या इमारतीत दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर पायरीवर बसले, ते उठलेच नाहीत. वहिनी भाजीची पिशवी घेऊन पुढे गेल्या होत्या. दार उघडून, पंखा लावून, पाणी भरून त्या वाट बघत राहिल्या.

मी दिव्याला गेले नाही. आज जाऊ, रविवारी जाऊ, असं करत गेले नाही. कामाचं निमित्त होतं, पण ते निमित्तच होतं.

टॉवर पुरा झाला. ताबा मिळाला आणि काही महिन्यांनी घाडींची मुलगी प्राजक्ता, जी लग्न होऊन विरारला असते, तिचा फोन आला. "मॅडम, आईला फ्लॅट विकायचाय. किंमत काढायला तुम्हीच या म्हणते. दुसरं कुणी नको."

बाविसावा मजला. चारशे पाच फूट. वहिनी पांढऱ्या फरशीवर सतरंजी टाकून बसल्या होत्या. घरात एक कपाट, एक गॅस, घाडींचा फोटो. मी मोजलं. आता लेझरचं यंत्र असतं, लाल ठिपका भिंतीवर पडतो आणि आकडा येतो, पाच मिनिटांत झालं. भाव मला तोंडपाठ होते. एजंटने त्या दिवशी सांगितलेल्या रकमेच्या जवळपास चौपट. माझा अंदाज चुकला नव्हता. वर्षांत चुकला, भावात नाही. सगळ्या नोकरीधंद्यात इतका नेमका अंदाज मी क्वचित केला असेल.

मी आकडा सांगितला. वहिनींनी मान हलवली. मग मला राहवेना. मी म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी मी थांबा म्हणायला नको होतं."

त्या बराच वेळ सतरंजीची दशी सारखी करत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही खोटं काही बोलला नाहीत, ताई. आम्ही भाव विचारला, तुम्ही भाव सांगितलात."

"तरीपण..."

"तरीपण एकदा माझ्याकडे बघायला हवं होतंत. ह्यांना जिना चढवत नव्हता. दोन मजल्यांत चार वेळा बसायचे. मी तळमजला कशाला शोधत होते? तुळशीसाठी? ह्यांच्यासमोर कशी बोलणार होते मी? 'माझ्या नवऱ्याला दम लागतो' म्हटलं असतं तर ते मेल्याहून मेले असते. मला वाटलं, बाईमाणूस आहे, मोजायला शिकलेली आहे, विचारेल एकदा, वहिनी, तळमजलाच का? तुम्ही विचारलं असतंत तर मी जिन्यात तरी सांगितलं असतं."

रागाने बोलल्या नाहीत. राग असता तर मला बरं वाटलं असतं. भरल्या घरात असेल तसा त्यांनी चहा केला, आणि मी तो प्यायले. खिडकीबाहेर नुसतं आभाळ होतं. "इथून माणूस दिसत नाही," त्या म्हणाल्या. "शेजारच्या दारावर कॅमेरा आहे. मेंटेनन्सचं बिल येतं ते ह्यांच्या पेन्शनीच्या तिप्पट. त्यांना इथे राहायचं होतं. मला त्यांच्याबरोबर राहायचं होतं, कुठेही."

फ्लॅट विकला गेला. त्या पैशातल्या थोड्या पैशात वहिनींनी भोईवाड्यात, मी वाढले त्याच्या मागच्याच गल्लीत, जुन्या चाळीत तळमजल्याची खोली घेतली. उरलेले बँकेत ठेवले. त्यांचे कागद मी तपासून दिले आणि या वेळी आधीच सांगितलं, "वहिनी, ही चाळही आज ना उद्या पाडायला निघेल."

"निघू दे. तोवर दारात बसेन."

आणि खरंच दारात बसायच्या. मी तोवर ऑफिस बंद केलं होतं. आठवड्यातून एकदा त्यांच्याकडे जायची. कधी त्या तांदूळ निवडत असायच्या, कधी समोरच्या बाईशी सुकटीच्या भावावरून वाद. येणारा-जाणारा, "काय घाडीकाकू?" म्हणून थांबायचा. एका वर्षात त्या चाळीतल्या जुन्या झाल्या.

यंदा उन्हाळ्यात तिथेही बिल्डरचा माणूस आला. रविवारी सकाळी चाळीच्या पटांगणात खुर्च्या मांडल्या, पडदा लावला. पडद्यावर टॉवर, पोहण्याचा तलाव, झाडाखाली हसणारी माणसं. तो माणूस तरुण होता, छान बोलत होता. देशाची अर्थव्यवस्था कुठे चाललीय, परळमध्ये किती ऑफिसं येतायत, पाच वर्षांत घराचा भाव कसा दुप्पट होईल. आलेख दाखवले. चुकीचं काहीच नव्हतं. मीही हेच आलेख दाखवले असते.

मी मागे वहिनींच्या दारात बसले होते. चाळीतल्या कुणीतरी मला ओळखलं. "ह्या व्हॅल्युअर मॅडम आहेत. यांना विचारा. मॅडम, हे खरं का? भाव वाढेल का?"

सगळे वळून बघायला लागले. मी उभी राहिले. बत्तीस वर्षांची सवय होती, उत्तर जिभेवर तयार होतं. मी म्हणाले, "भाव बहुतेक वाढेल. पण मला आधी एक सांगा, इथे साठीच्या पुढचे किती जण आहेत?"

कुणी हसलं. मग एकेक हात वर झाला. अकरा हात. त्यात शालिनीवहिनींचा.

"यातल्या किती जणांना जिना चढवत नाही?"

हात खाली गेले. कुणी वर करेना. मी बघत राहिले. तेव्हा वहिनी उठल्या आणि मोठ्यांदा म्हणाल्या, "माझ्या गुडघ्यांना नाही चढवत. लाजायचं काय त्यात? माझा नवरा लाजला, आणि जिन्यात गेला." पंखा घेऊन बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हात वर केला. मग शेजारच्या बाईने. मग आणखी चौघांनी.

बिल्डरचा माणूस म्हणाला, "मॅडम, भाडं देतोय ना आपण, कुठेही राहा."

"कुठेही म्हणजे दिवा," मी म्हणाले. "मला माहीत आहे कुठेही म्हणजे कुठे."

त्या दिवशी काही ठरलं नाही. पुढच्या रविवारी चाळीने एकच अट लिहिली. या सात जणांना याच गल्लीत, तळमजल्यावर खोल्या द्यायच्या, करार बिल्डरने करायचा, त्या खोल्या हातात येईपर्यंत चाळीतलं एकही बिऱ्हाड हलणार नाही. मसुदा मी केला. काही तरुण मुलं चिडली, म्हणाली, सात जणांसाठी साठ जणांचं नुकसान होईल, बिल्डर निघून जाईल, बाजार आता वर आहे, उद्या नसेल. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. बिल्डर खरंच तीन महिने फिरकला नाही. त्या तीन महिन्यांत मला झोप कमी लागायची. पुन्हा एकदा लोक माझ्या शब्दावर थांबले होते, आणि या वेळी आकडे माझ्या बाजूने नव्हते.

गणपती झाल्यावर तो परत आला. सातपैकी पाच खोल्या गल्लीत मिळाल्या, दोन पलीकडच्या रस्त्यावर. त्यावर दोन दिवस वाद झाला आणि ते मान्य झालं. टॉवर वेळेवर होईल का, मला माहीत नाही. कुणी विचारलं तर मी तसंच सांगते.

परवा शालिनीवहिनींनी खोली बदलली. टेम्पो लागला नाही. चाळीतल्या पोरींनी कपाट उचललं, गॅस एकीने घेतला, घाडींचा फोटो वहिनींनी स्वतःच्या छातीशी धरला. गल्लीतून चालत निघाल्या. मधे दोनदा उभ्या राहिल्या, ते दमून नाही, कुणीतरी हाक मारली म्हणून. पाचव्या घराशी त्यांचं नवीन दार होतं. एकच उंबरा ओलांडला आणि त्या आत गेल्या.